जुन्या उपाहारगृहाचा टिकाव कसा पारखावा

एखादे उपाहारगृह सत्तर-ऐंशी वर्षे एकाच जागी चालले असेल, तर त्याचे कारण गिऱ्हाइकांना विचारून पाहावे; बहुतेक जण 'चव' एवढेच सांगून मोकळे होतात. हे उत्तर खोटे नाही, परंतु त्याच काळात तितकेच चवदार पदार्थ देणारी कितीतरी दुकाने बंद पडली, याचा उलगडा त्यातून होत नाही. माझ्या मते अशा ठिकाणाचे आकर्षण टिकते ते मोक्याची जागा, आखूड यादी, झेपणारे भाडे आणि गल्ल्यावर रोज बसणारे घरचे माणूस अशा रोखठोक कारणांमुळे, आणि आठवणींचा गोडवा त्यानंतर येतो. ही कारणे कोणाही चौकस गिऱ्हाइकाला स्वतः पाहून पारखता येतात. ते कसे करावे, हे ठाण्यात राहणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून येथे मांडले आहे.

आधी ठिकाण निवडावे. निवडताना जागा तीच आहे का, चालवणारे घराणे तेच आहे का आणि मुख्य पदार्थ तोच आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर उत्तमच. दोनांची असली तरी अभ्यासाला पुरे. नुसते नाव जुने आणि बाकी सगळे बदललेले असेल, तर तेथे खायला अवश्य जावे, पण टिकावाचे कारण शोधायला जाऊ नये. नवी मुंबईतल्या वाचकांची येथे थोडी अडचण होते, कारण ते शहर वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापनाच १९७० ची असल्यामुळे वाशी-नेरूळच्या बाजूला तीन पिढ्यांचे उपाहारगृह सापडणे अवघड आहे. त्यांनी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने सरळ ठाण्याला यावे किंवा पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत फिरावे.

ठाण्यात सुरुवात मामलेदार मिसळीपासून करणे सोयीचे, कारण जागेचे महत्त्व तेथे चटकन लक्षात येते. १९४६ पासून चालत आलेले हे ठिकाण तहसील कार्यालयाच्या, म्हणजे जुन्या मामलेदार कचेरीच्या, अगदी लगत आहे. सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी, शिक्क्यासाठी तालुक्याच्या गावांतून सकाळी निघालेला माणूस कचेरीत पोचतो तेव्हा त्याला भूक लागलेली असते आणि पुढे किती तास थांबावे लागेल याचा त्याला अंदाज नसतो. त्याला हवे असते स्वस्त, तिखट, पोटभर आणि झटपट असे काहीतरी. त्या गरजेला मिसळ-पाव जितका चपखल बसतो तितके दुसरे थोडेच पदार्थ बसतात. म्हणून कोणत्याही जुन्या उपाहारगृहाबाहेर आधी पाच मिनिटे उभे राहून येथे माणसे कोठून येतात ते पाहावे: स्थानकातून, कचेरीतून, न्यायालयातून, बाजारातून की नाट्यगृहातून. ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी आली आणि स्थानक, जांभळी नाक्याचा बाजार व सरकारी कार्यालये यांच्यामधल्या पट्ट्यात माणसांची वर्दळ कायमची वसली. हा प्रवाह आटला तर चांगला आचारीही फार काळ तग धरू शकत नाही.

वयाची खातरजमा हा पुढचा भाग. पाटीवरचे 'स्थापना' हे साल सरळ मान्य करू नये, कारण त्यात काही वेळा आजोबांनी हातगाडीवर सुरू केलेल्या धंद्याचे वर्ष असते, काही वेळा सध्याची जागा घेतल्याचे. दोन्ही खरे असू शकतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. भिंतीवर लावलेला अन्नपरवाना पाहून वय ठरवण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नये. त्यावरचा चौदा अंकी क्रमांक ज्या व्यवस्थेतला आहे ती २००६ च्या कायद्याने आली. दुकाने व आस्थापनांचा जुना कायदा (२०१७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली) १९४८ चा असल्यामुळे जुना गुमास्ता परवाना जपलेला असेल तर तो अधिक उपयोगी पडतो. सर्वांत खात्रीचा पुरावा मात्र गणेशोत्सवाच्या, शाळांच्या आणि नाट्यमहोत्सवांच्या जुन्या स्मरणिकांतील जाहिरातींत सापडतो, कारण त्यांवर वर्ष छापलेले असते आणि पत्ताही असतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. जुन्या छापील मजकुराचा शोध तेथून सुरू करावा.

आता आत जावे. एकदा ऐन गर्दीत आणि एकदा दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास, अशा दोन्ही वेळी जाणे आवश्यक आहे. गर्दीत जाताना भटारखान्याचे दार दिसेल अशी खुर्ची पकडावी आणि मोबाइल खिशात ठेवून फक्त वेळ मोजावी: बसल्यापासून बशी समोर येईपर्यंत किती मिनिटे गेली आणि शेजारचे गिऱ्हाईक किती वेळात उठले. या दोन आकड्यांत धंद्याचे निम्मे गुपित असते. समजा, चाळीस खुर्च्या आहेत आणि माणूस पंधरा मिनिटांत उठतो. म्हणजे तासाला एकशे साठ माणसे जेवतात. त्याच चाळीस खुर्च्यांवर माणूस तासभर रेंगाळला, तर चाळीसच. पहिल्या ठिकाणी पदार्थ निम्म्या किमतीत विकूनही दुप्पट गल्ला जमतो, आणि वर रस्सा कधी शिळा होत नाही, कारण पातेले उकळत असतानाच रिकामे होत असते. जुन्या ठिकाणी वेटर बिल आणून ठेवण्याची घाई करतो, टेबल सामायिक करायला लावतो, हे काहींना उद्धट वाटते. मला त्यात त्या स्वस्ताईची किंमत दिसते आणि ती देण्यासारखी वाटते.

यादी पाहताना काय मिळते यापेक्षा काय मिळत नाही, याची नोंद घ्यावी. मामलेदार मिसळीत तिखटाच्या पायऱ्या निवडता येतात (कमी, मध्यम आणि तिखट), पण मूळ पदार्थ एकच. एकाच रश्श्यावर रोज तोच हात फिरत राहिला की मसाल्याचे प्रमाण हाताला पाठ होते, कांदा-बटाटा-वाटाणा किती लागेल याचा अंदाज सहसा चुकत नाही आणि माल वाया जात नाही. यादीत चायनीज, पंजाबी आणि पिझ्झा शिरले की भटारखान्यात चार शेगड्या, चार आचारी आणि चार प्रकारचा पडून राहणारा माल आला. धंदा मंदावल्यावर यादी वाढवण्याचा मोह प्रत्येक मालकाला होतो. ज्यांनी तो आवरला, त्यांच्याच दारात आज रांगा दिसतात, असे माझे निरीक्षण आहे.

भाड्याचा विषय गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधली आणि पुढची अर्धी शताब्दी पागडीच्या, म्हणजे एकदा ठोक रक्कम देऊन अल्प भाड्याने घेतलेल्या, गाळ्यांत चालणाऱ्या उपाहारगृहांना त्याचा आधार मिळाला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही संरक्षित भाडेकरूचे भाडे वर्षाला चार टक्के एवढेच वाढते. याचा परिणाम बशीवर कसा उमटतो ते साधा हिशेब करून पाहावे. समजा, दिवसाला तीनशे बश्या विकल्या जातात, म्हणजे महिन्याला नऊ हजार. बाजारभावाने महिना तीन लाख रुपये भाडे द्यावे लागले, तर प्रत्येक बशीवर तेहेतीस रुपयांहून अधिक भार पडतो. जुने पाच हजारांचे भाडे असेल, तर एक रुपयाही पडत नाही. हा फरक कोणताही मसाला भरून काढू शकत नाही. मुंबईतील जहांगीर कलादालनातले समोवार हे कॅफे १९६४ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये बंद झाले, तेही गिऱ्हाईक आटल्यामुळे नव्हे, तर जागेच्या प्रश्नावरून. नौपाडा, राम मारुती रस्ता या भागांत जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. तेव्हा आवडीच्या ठिकाणी बसल्यावर वरच्या मजल्यांकडेही एकदा पाहून घ्यावे.

मालकाशी बोलायचे ते दुपारच्या निवांत वेळी, आणि आधी काहीतरी मागवून, खाऊन, पैसे देऊन. वयस्क मालकाला काका, उडप्याच्या हॉटेलात अण्णा, एवढी ओळख पुरते. पाककृती विचारू नये; सांगणार नाहीत आणि मन मात्र दुखावेल. त्याऐवजी "काका, पूर्वी यादीत काय होते जे आता काढून टाकले?", "पाव कोणत्या बेकरीतून येतो आणि बेकरी कधी बदलली?", "सकाळी पहिला माणूस किती वाजता येतो?", "पुढच्या पिढीतले कोणी गल्ल्यावर बसते का?" असे विचारावे. शेवटचा प्रश्न जपून विचारावा, कारण अनेक जुन्या घरांत मुले शिकून दुसरीकडे गेली आहेत आणि मुलांनी शिकावे म्हणूनच बापाने पहाटे चारपासून भट्टीसमोर उभे राहून हा धंदा केलेला असतो. आचाऱ्याशी किंवा जुन्या वेटरशी बोलण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. मालक धंद्याचा इतिहास सांगतो, पण कामाची रीत कामगारालाच नेमकी ठाऊक असते.

'पूर्वीची चव राहिली नाही' हे वाक्य प्रत्येक जुन्या ठिकाणी ऐकू येते. त्यावर लगेच मान डोलावू नये आणि ते झटकूनही टाकू नये; इंधन, पाव, तेल आणि मिरची यांपैकी काय बदलले ते शोधावे. कोळशाच्या शेगडीची जागा गॅसने घेतली की मंद आचेवर तासन्‌तास मुरणाऱ्या रश्श्याचा पोत बदलतो. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, त्यामुळे लाकडाच्या भट्टीतल्या पावावर वाढलेल्या पिढीला फरक जाणवल्यास तो केवळ वयाचा दोष मानता येणार नाही. यांपैकी काहीच बदलले नसेल, तर मात्र बदलली आहे ती बहुधा खाणाऱ्याची जीभ.

तुलनेसाठी मध्य रेल्वेने एक फेरी मुंबईला करावी. माटुंग्याला स्थानकासमोर ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. तेथे आधी कुपन घ्यावे लागते आणि केळीच्या पानावर जेवण वाढले जाते. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. आजूबाजूच्या कचेऱ्यांच्या वेळेला जुळवून ते दुपारच्या जेवणावर चालत आले आहे. धोबी तलावच्या १९०४ च्या कयानीत बन-मस्का आणि चहा घेऊन बसावे. तिन्ही ठिकाणची माणसे, भाषा आणि पदार्थ निराळे, पण वर सांगितलेली कारणे लावून पाहिली की कोठे जागेने तारले, कोठे यादीने, हे आपोआप वेगळे होत जाते. निघण्यापूर्वी साप्ताहिक सुटीचा वार तपासावा. जुनी ठिकाणे सुटी पाळतात आणि ते योग्यच आहे.

मूळ ठिकाणाच्या शाखा निघाल्या असतील, तर एकाच आठवड्यात मूळ जागी आणि शाखेत तोच पदार्थ, तिखटाची तीच पायरी मागवून खावा. मध्ये महिना गेला की जीभ विसरते आणि मन भरपाई करते. शाखेत वातानुकूलन, ऐसपैस बाकडी आणि हसतमुख वेटर असूनही मूळ ठिकाण जास्त भरलेले दिसले, तर त्याचे श्रेय रश्श्याला द्यायचे की कचेरीशेजारच्या जागेला, हे ठरवण्याची खरी कसोटी येथे लागते. माझे मत जागेच्या बाजूने झुकते, पण ते अनेकांना पटत नाही.

नोंद ठेवताना तारीख, दर, पदार्थाचे प्रमाण, पावांची संख्या, इंधन, बेकरी आणि गल्ल्यावर कोण होते, एवढे जरूर लिहावे, आणि दरपत्रकाचे छायाचित्र परवानगी घेऊन काढावे. दर बदलला की जुने दरपत्रक पुसले जाते किंवा रद्दीत जाते, म्हणून बरीचशी उपाहारगृहे स्वतःचाच दहा वर्षांपूर्वीचा भाव सांगू शकत नाहीत. छायाचित्राची एक छापील प्रत मालकाला नेऊन दिली, तर पुढच्या वेळी कपाटातली जुनी कागदपत्रे दाखवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.