वादळानंतर खाडीचं पाणी कसं मोजायचं

वादळी लाटांनी खाडीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा फोडला की आतली पातळी बदलते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आलं तसं वादळ येण्याची वाट बघू नका. मोजणी पावसाळ्याआधीच सुरू करा.

जेटीच्या खांबाला सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी ठोका. चिखलात रोवलेली काठी खचते, आकडे फसवतात. शेजारी चार इंची पीव्हीसी पाईप उभा बांधा, बूड बंद करून तळाशी ५ मिमीची दोन-तीन भोकं पाडा. आत लाटा हलत नाहीत, पाणी स्थिर वाचता येतं. भोकं शेवाळाने बुजतात, आठवड्याला साफ करा.

उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दोन्ही येतील असे पंधरा दिवस भरती-ओहोटीची पातळी आणि वेळ लिहा. वादळानंतर पुन्हा तेच. मुख रुंदावलं असेल तर भरती चढते, ओहोटी खाली जाते, भरती लवकर पोचते. वाळूने मुख बुजलं तर उलट: चढउतार घटतो, पावसाचं पाणी तुंबतं, खारभूमीच्या उघाड्यांतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारांतून) निचरा होत नाही.

हवेचा दाब मात्र विसरू नका. तो १ हेक्टोपास्कल घटला तर पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. वादळाच्या दिवसाचे आकडे म्हणूनच तुलनेत घेऊ नका.