टॉवेल खरखरीत होतोय? धुताना या चुका टाळा

आमच्याकडे एक टॉवेल इतका कडक झाला होता की न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा केला तर उभाच राहायचा. जुना झाला म्हणून लादी पुसायला काढणार होतो. त्याआधी सहज बादलीभर गरम पाण्यात बुडवला, पावडर अजिबात न घालता. हाताने दोन-चारदा खळबळला आणि पाण्यावर फेस आला! साबण घातलाच नव्हता, म्हणजे हा फेस आधीच्या धुण्यांचा होता.

तेव्हा लक्षात आलं की टॉवेल झिजलेला नव्हता, भरलेला होता. तुमचाही टॉवेल टाकून देण्याआधी ही बादलीची परीक्षा करून बघा.

जास्त पावडर

सगळ्यात मोठी चूक हीच. टॉवेलच्या अंगावर सुताचे हजारो बारीक फासे असतात. पाणी शोषतात ते तेच आणि साबण धरून ठेवतात तेही तेच. शर्टातून दोन पाण्यांत निघणारा साबण टॉवेलमधून तेवढ्यात निघत नाही. पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा कमी पावडर घालून बघा, अगदी निम्मी सुद्धा बहुतेक वेळा पुरते. अंघोळीनंतर स्वच्छ अंगाला पुसलेला टॉवेल तो, चिखलात लोळलेला नाही. मशीनमध्ये एक जादा खळबळणं लावा. हाताने धूत असाल तर शेवटचं पाणी नितळ दिसेपर्यंत थांबू नका.

पाणी जड असेल तर दुखणं दुप्पट. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट मळ तयार करतं आणि तो फाशांत जाऊन बसतो. अशा पाण्यात वडीच्या साबणापेक्षा डिटर्जंट बरा. धुण्याचा सोडा चमचाभर घातला तर पाण्याचा जडपणाही थोडा उतरतो.

मऊ करायला सॉफ्टनर

इथे लोक चिडतात, पण सांगतोच. सॉफ्टनर धाग्यावर तुळतुळीत थर चढवतो. हाताला छान लागतं, वासही येतो, पण त्या थरामुळे टॉवेल पाणी कमी शोषतो. वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच जिरला तर ठीक, मोत्यासारखा वर बसून राहिला तर थर साचलाय. अंग न पुसणारा मऊ टॉवेल काय कामाचा?

नव्याकोऱ्या टॉवेलचंही बरेचदा हेच असतं. दुकानातला गुळगुळीतपणा कारखान्यात दिलेल्या लेपाचा असतो. वापरण्याआधी एक-दोनदा धुवा.

साचलेलं काढायचं कसं

फक्त टॉवेल मशीनमध्ये घाला, पावडर नाही. लेबलवर चालत असेल तेवढं गरम पाणी घ्या, पांढऱ्या सुती टॉवेलला बहुधा ६० अंश चालतं. साधं पांढरं व्हिनेगर एक कप. ते धुणं संपलं की दुसरं, त्यात अर्धा कप खाण्याचा सोडा. दोन्ही एकाच वेळी टाकून फसफस बघत बसू नका, आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास पाणीच. आणि व्हिनेगर क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कधीही नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हा उपाय दर धुण्याला करायचाही नाही, व्हिनेगरने मशीनमधल्या रबरी भागांना त्रास होऊ शकतो. टॉवेल पुन्हा जड वाटायला लागला की करा.

दोरीवर नुसता टाकणं

सगळं नीट धुऊनही टॉवेल कडक होतो, तेव्हा चूक वाळवण्यात असते. जपानमधली काओ कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये यामागचं कारण मांडलं: वाळलेल्या सुतातही किंचित पाणी धाग्यांना धरून राहतं आणि ते शेजारच्या धाग्यांना डिंकासारखं जोडतं. वारा नसलेल्या जागी टॉवेल निश्चल लटकला की हे जोड पक्के होतात. वाऱ्यावर फडफडणाऱ्याचे मोडत राहतात.

म्हणून टॉवेल पिळून झाला की दोन टोकं धरून फाटकन झटका. पाच-सहा झटक्यांत चपटे झालेले फासे उभे राहतात, बोट फिरवलं की कळतं. वाळल्यावर घडी घालण्याआधी पुन्हा झटका. दोरीवर मधोमध दुमडून टाकण्यापेक्षा एका कडेला चिमटे लावून सोडा, हवा दोन्ही बाजूंनी लागते. कडक उन्हात दिवसभर विसरू नका, वाळला की उचला. ड्रायर असेल तर तोही वेळेत बंद करा, भाजून काढलेलं सूत ठिसूळ होतं.

बारीकसारीक

मशीन गच्च भरू नका. टॉवेल भिजून फुगतो, त्याला ड्रममध्ये वर-खाली पडायला जागा हवी. चेन आणि हुकांच्या कपड्यांबरोबर तर नकोच, फासे ओढले जातात. इस्त्री? फासे सपाट करायची हौस असेल तर खुशाल करा. ओला टॉवेल बोळा करून टोपलीत टाकला की कुबट वास येतो, मग तो घालवायला जास्त पावडर पडते आणि गाडी परत पहिल्या चुकीवर येते.

एखादा फासा बाहेर लोंबायला लागला तर ओढू नका. कात्रीने बुडाशी कापा, टॉवेल उसवत नाही.