क्रॅश शेड्यूलरमधे दिसतोय, पण शोधायचं दुसरीकडे

बोर्ड दोन दिवस मस्त चालतो, तिसऱ्या दिवशी गप्प. डीबगर जोडून पॉज केलं की पीसी (प्रोग्रॅम काउंटर, चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) एकतर हार्डफॉल्ट (प्रोसेसरने पकडलेली गंभीर चूक) हँडलरच्या अनंत लूपमधे असतो, नाहीतर व्हीलिस्टइन्सर्ट या लिस्टमधे नोंद घालणाऱ्या कर्नल फंक्शनमधल्या फॉर लूपमधे गोल गोल फिरत असतो, नाहीतर पेंडएसव्हीतून (टास्क बदलणारा इंटरप्ट) बाहेर पडतानाच मेलेला असतो. मग आपण कर्नलचा सोर्स उघडून बसतो आणि आठवडा त्यातच जातो. माझा गेलाय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. सगळं फ्रीआरटॉस (मायक्रोकंट्रोलरवर अनेक टास्क आलटून पालटून चालवणारा कर्नल) आणि कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर धरून आहे, एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरवर मी हेच रोज वापरते, पण दुसरा कर्नल असला तरी शोधायची पद्धत फार बदलत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. हा कर्नल २००३ पासून लोक वापरतायत, गाभा म्हणाल तर टास्क्स, क्यू आणि लिस्ट अशा तीनच फाइल, आणि त्या अक्षरशः असंख्य बोर्डांवर चालतायत. तुमच्याच बोर्डावर त्यात नवा बग निघण्याची शक्यता फार कमी. शेड्यूलर (कुठली टास्क चालेल हे ठरवणारा कर्नलचा भाग) दर टिकला, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला, रेडी लिस्ट (चालायला तयार टास्क) आणि डिले लिस्ट (वेळेची वाट बघणाऱ्या टास्क) चाळतो, त्यामुळे रॅममधे कोणी कुठे घाण केली की त्यावर पहिला पाय त्याचाच पडतो. खड्डा खणणारा तोपर्यंत लांब निघून गेलेला असतो, आणि आपल्याला शोधायचाय तो खणणारा.

तर पहिलं काम, कॉन्फिग फाइलमधे कॉन्फिगअ‍ॅसर्ट डिफाइन करा, ही कर्नलची एखादी अट मोडली की लगेच थांबवणारी तपासणी आहे. डिफाइन केलं नसेल तर ते रिकामंच राहतं आणि कर्नल तुम्हाला ओरडून सांगत असलेलं काहीच ऐकू येत नाही. आत फार काही नको, इंटरप्ट बंद करा आणि लूपमधे थांबा, म्हणजे बॅकट्रेस बघता येतो. सोबत स्टॅक ओव्हरफ्लो चेक (टास्कचा स्टॅक त्याच्या जागेबाहेर गेला का बघणारा) २ वर ठेवा आणि त्याचं हुक फंक्शन (चेक लागला की चालणारं) लिहा. माझ्या अनुभवात बऱ्याच केसेस इथेच मिटतात आणि पुढचं काही करावंच लागत नाही, तरी लोक हे टाळतात कारण अ‍ॅसर्ट लावला की 'चालणारा' कोड लगेच बंद पडतो. अहो तो चालत नव्हताच, फक्त अजून पडला नव्हता.

तरीही हार्डफॉल्ट येत असेल तर तो वाचायला शिका. स्टार्टअप फाइलमधला डिफॉल्ट हँडलर नुसता लूप असतो, तो काढून स्वतःचा लिहा. आत शिरल्यावर एलआरचा (लिंक रजिस्टर) बिट २ बघायचा, १ असेल तर फ्रेम (फॉल्टच्या वेळी जपलेली रजिस्टरं) पीएसपी या टास्कच्या स्टॅक पॉइंटरवर आहे म्हणजे टास्क चालू असताना फॉल्ट आला, ० असेल तर एमएसपी या मुख्य स्टॅक पॉइंटरवर म्हणजे बहुतेक इंटरप्टमधे. त्या स्टॅकवर हार्डवेअरने ओळीने ८ वर्ड ठेवलेले असतात, आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. सातवा वर्ड म्हणजे पीसी, तो मॅप फाइलमधे (लिंकरने दिलेली फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) शोधा. मग एचएफएसआर (हार्डफॉल्टची स्थिती सांगणारं रजिस्टर) बघा, त्यात बिट ३० लागला असेल तर खरं कारण सीएफएसआर या फॉल्टचा प्रकार सांगणाऱ्या रजिस्टरमधे आहे, तिकडे जा. (एम० वर सीएफएसआर नाहीच, तिथे नुसत्या फ्रेमवर भागवावं लागतं.)

सीएफएसआरमधे तीन-चार बिट नेहमीचे. इम्प्रिसाइज बस फॉल्ट म्हणजे राइट बफरमुळे फॉल्ट उशिरा कळला, तो पीसी खरा मानू नका, एम३ आणि एम४ वर ऑक्झिलरी कंट्रोल रजिस्टरचा बिट १ लावून राइट बफर बंद करा आणि परत पाडा, आता पीसी नेमका मिळेल. इनव्हॅलिड स्टेट आणि पीसी शून्य म्हणजे जवळपास नक्कीच नल फंक्शन पॉइंटर कॉल झालाय. आणि इनव्हॅलिड पीसी, तोही पेंडएसव्हीच्या अगदी शेवटच्या इन्स्ट्रक्शनला, ही तर आपल्या विषयातली सगळ्यात बोलकी खूण आहे. एम४एफच्या (फ्लोटिंग पॉइंटवाला एम४) पोर्टमधे, म्हणजे कर्नलच्या त्या प्रोसेसरपुरत्या कोडमधे, आर४ ते आर११ च्या जोडीला एक्सेप्शन रिटर्नची किंमतपण टास्कच्याच स्टॅकवर ठेवतात, टास्क परत चालू करताना ती तिथूनच उचलतात, आणि मधल्या काळात त्या स्टॅकवर कोणी लिहून गेलं असेल तर प्रोसेसर ती किंमत नाकारतो. म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विचचा कोड बरोबर आहे, त्याला परत मिळालेलं सामान बिघडलंय.

आता पीएक्सकरंटटीसीबी, म्हणजे चालू टास्कच्या टीसीबीचा (टास्कची माहिती ठेवणारा ब्लॉक) पॉइंटर, उघडा. टास्कचं नाव नीट वाचता येतंय का, टॉप ऑफ स्टॅक हा स्टॅकच्या सुरुवातीच्या पत्त्याच्या खाली तर गेला नाही ना, हे दोन्ही बघा. इथे नवखे लोक हमखास फसतात ती गोष्ट अशी की ज्या टास्कचा टीसीबी बिघडलाय ती टास्क बऱ्याचदा निर्दोष असते. हीप४ (फ्रीआरटॉसची एक मेमरी वाटप पद्धत) वापरून टास्क क्रिएट केली की कर्नल आधी तिचा स्टॅक घेतो, मग टीसीबी, कारण स्टॅक खाली वाढतो आणि त्याने स्वतःचाच टीसीबी खाऊ नये. म्हणजे आधी 'सेन्सर' आणि मग 'डिस्प्ले' अशा दोन टास्क बनवल्या तर मेमरीत खालून वर सेन्सरचा स्टॅक, सेन्सरचा टीसीबी, डिस्प्लेचा स्टॅक, डिस्प्लेचा टीसीबी असा क्रम लागतो. डिस्प्लेचा स्टॅक उतू गेला की तो सेन्सरच्या टीसीबीत शिरतो! आधी त्याच्या शेवटची फील्ड बिघडतात, म्हणजे नोटिफिकेशनची, त्यामुळे सेन्सर टास्क उगाचच जागी होते किंवा कधीच जागी होत नाही, आणि आपण दिवसभर सेन्सरचा कोड वाचत बसतो. त्यामुळे नाव कचरा दिसलं की त्या टास्कच्या नंतर कोण बनलं ते बघा, आरोपी बहुतेक तोच.

स्टॅकचा साइज वर्डमधे देतात, बाइटमधे नाही, १२८ दिले तर ५१२ बाइट मिळतात, आणि हाय वॉटर मार्कसुद्धा (स्टॅकमधे आजवर कमीत कमी किती जागा उरली) वर्डमधेच येतो. स्टॅक आधी हेक्स ए५ ने भरलेला असतो आणि चेक २ शेवटचे १६ बाइट तसेच आहेत का एवढंच बघतो. त्यामुळे फंक्शनमधे मोठा लोकल अ‍ॅरे असेल आणि त्याचा नेमका तेवढा भाग लिहिलाच गेला नाही तर उडी पलीकडे जाते आणि चेकला काहीच कळत नाही. चेक लागला नाही म्हणजे ओव्हरफ्लो नाही, असं धरून चालू नका. फ्लोट छापणारा एसएनप्रिंटएफ स्टॅक भरपूर खातो, लॉगिंग असलेल्या टास्कवर पहिला संशय घ्या. अजून एक, मेनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता टास्कला पॅरामीटर म्हणून देऊ नका, कॉर्टेक्स-एमच्या पोर्टमधे शेड्यूलर सुरू होताना एमएसपी परत वर नेतात आणि इंटरप्ट त्याच जागेत लिहायला लागतात.

स्टॅक धड निघाले तर सरळ इंटरप्ट प्रायॉरिटीकडे या. माझा तो आठवडा इथेच गेला. एसटीएम३२ वर प्रायॉरिटीचे ४ बिट, म्हणजे ० ते १५, आणि ० सगळ्यात वरची. कर्नलचा क्रिटिकल सेक्शन (मधे कोणी घुसू नये असा कोड) बेसप्राय या इंटरप्ट रोखणाऱ्या रजिस्टरच्या जोरावर चालतो आणि मर्यादा ५ ठेवली असेल तर तो फक्त ५ आणि त्यापुढच्या आकड्यांचे इंटरप्ट थांबवतो, ० ते ४ मोकळेच. आता अशा मोकळ्या इंटरप्टने क्यूमधे काही टाकलं, फ्रॉमआयएसआर वालं, म्हणजे इंटरप्टमधून वापरायचं, फंक्शन वापरून टाकलं तरीही, आणि नेमका तेव्हा कर्नल लिस्टमधला नेक्स्ट पॉइंटर बदलून झाला होता आणि प्रीव्हियस बदलायचा राहिला होता, तर लिस्ट तुटली. लगेच काही दिसत नाही. कधीतरी व्हीलिस्टइन्सर्ट त्या तुटलेल्या साखळीवर चालायला लागतो आणि शेवट सापडतच नाही. माझ्या केसमधे मॉडबस (उपकरणांमधला संवादाचा प्रोटोकॉल) चालवणाऱ्या यूएआरटी या सीरियल पोर्टची प्रायॉरिटी सेट करायची राहिली होती, बस एवढंच, आणि रिसेटनंतर प्रत्येक इंटरप्ट ० वर असतो, म्हणजे विसरलं की थेट सगळ्यात धोकादायक जागी. अ‍ॅसर्ट चालू केल्यावर पहिल्याच बाइटला पकडलं गेलं. शिफ्टमधेपण लोक गोंधळतात, कॉन्फिगमधली किंमत ५ ला ४ बिट डावीकडे सरकवून ८० लागते आणि एनव्हीआयसीच्या (इंटरप्ट कंट्रोलर) फंक्शनला साधे ५ द्यायचे. आणि ग्रुपिंग ४ असू द्या, सगळे बिट प्रीएम्प्शनला.

लिस्ट फाइलमधे त्या फॉर लूपच्या वरच कर्नल लिहिणाऱ्यांनी 'इथे क्रॅश होत असेल तर ही कारणं बघा' अशी मोठी कॉमेंट लिहून ठेवलीय, ती शांतपणे वाचा. आयएसआरमधून (इंटरप्ट हँडलर) साधं फंक्शन कॉल करणं, क्रिटिकल सेक्शनच्या आत कर्नलची फंक्शनं कॉल करणं, सेमाफोर (टास्कमधला इशारा किंवा कुलूप) बनायच्या आधीच वापरणं, हे सगळं तिथे आहे. त्यात माझी एक भर, टास्कचं फंक्शन रिटर्न होऊ देऊ नका, आणि डिलीट केलेल्या टास्कचं हँडल कुठे जपून ठेवलं नाही ना ते तपासा.

एवढ्यानेही सापडलं नाही तर हार्डवेअर वॉचपॉइंट, म्हणजे ठरावीक पत्त्यावर लिहिलं की प्रोसेसर थांबवणारी सोय. एम४ वर साधारण ४ मिळतात. रेडी लिस्टवर लावलात तर दर टिकला थांबेल आणि वैताग येईल, त्यामुळे असा वर्ड निवडा जो टास्क बनल्यावर कधीच बदलायला नको, उदाहरणार्थ बळी पडणाऱ्या टीसीबीतला टास्कच्या नावाचा पहिला वर्ड किंवा स्टॅकच्या सुरुवातीचा पत्ता. टास्क त्याच क्रमाने बनत असतील तर पत्ता दर रनला तोच येतो. शेड्यूलर सुरू व्हायच्या जरा आधी लावा आणि सोडून द्या, ज्याने लिहिलं तो रंगेहाथ सापडेल, पीसी एखाद-दोन इन्स्ट्रक्शन पुढे असेल तेवढंच. आणि वॉचपॉइंट कधी लागलाच नाही पण किंमत मात्र बदलली, तर डीएमए (सीपीयूशिवाय मेमरीत डेटा हलवणारं हार्डवेअर)! हे वॉचपॉइंट फक्त सीपीयूने लिहिलेलं बघतात, डीएमए त्यांना दिसत नाही. मग डीएमएला दिलेला बफर कुठल्या फंक्शनमधे लोकल होता आणि ते फंक्शन ट्रान्सफर संपायच्या आधी रिटर्न झालं का, ते शोधा.

क्रॅश नसून नुसता वॉचडॉग (कोड अडकला की बोर्ड परत सुरू करणारा टायमर) रिसेट येत असेल तर मेमरी कदाचित साफ असेल आणि प्रायॉरिटी इन्व्हर्जन असेल. १९९७ मधे मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान असंच वारंवार रिसेट होत होतं. व्हीएक्सवर्क्स या कर्नलवर चालणारी वरच्या प्रायॉरिटीची बस टास्क खालच्या प्रायॉरिटीच्या हवामान टास्कने धरलेल्या म्यूटेक्ससाठी (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) अडायची आणि मधल्या प्रायॉरिटीच्या टास्क हवामान टास्कला चालूच देत नव्हत्या, शेवटी पृथ्वीवरून प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला तात्पुरती वरची प्रायॉरिटी देणं) चालू करून ते सुटलं. फ्रीआरटॉसमधे म्यूटेक्सला इन्हेरिटन्स आहे पण बायनरी सेमाफोरला नाही, त्यामुळे लॉक म्हणून बायनरी सेमाफोर वापरला असेल तर आधी तो बदला.

फिक्स केल्यावर लगेच सुटलं म्हणू नका. जुनी चूक मुद्दाम परत घाला, यूएआरटीवर डेटाचा भडिमार करून बोर्ड पाच-दहा मिनिटांत पाडता येतो का बघा, आणि मग फिक्स लावून तोच भडिमार रात्रभर चालू ठेवा. फील्डमधे जाणाऱ्या बिल्डमधेपण अ‍ॅसर्ट काढू नका, फक्त लूपऐवजी पीसी, एलआर, सीएफएसआर आणि चालू टास्कचं नाव स्टार्टअपला शून्य न होणाऱ्या रॅम सेक्शनमधे लिहा, सोबत एक ओळखीचा मॅजिक नंबर, आणि मग रिसेट करा. बूट झाल्यावर तो नंबर दिसला की चारही गोष्टी लॉगमधे टाका आणि नंबर पुसा, म्हणजे पुढच्या वेळी साइटवरून 'बंद पडला होता, आपोआप चालू झाला' असा फोन आला की निदान पीसी तरी हातात असतो.