सीरियल पोर्टवरून स्ट्रिंग कशी पाठवावी

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर. त्याचा सीरियल पोर्ट एका वेळी एकच बाइट घेतो. त्यामुळे स्ट्रिंग पाठवायची म्हणजे एकेक बाइट भरवत राहायचं. आधीचा घास गिळला का ते बघायचं, आणि ताट संपलं की थांबायचं. सी भाषेतला सगळा कोड या दोन गोष्टींभोवती फिरतो. उदाहरणाला एटीमेगा ३२८पी घेतो, म्हणजे आर्डुइनो उनोवरची चिप. दुसरी चिप असेल तर रजिस्टरांची (चिपमधले सेटिंग आणि डेटाचे खण) नावं बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

आधी तारा. चिप आणि कॉम्प्युटरच्या मध्ये कन्व्हर्टर लागतो. चिपचा टीएक्स (पाठवणारी पिन) कन्व्हर्टरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) आणि ग्राउंड ग्राउंडला जोडा. ही दुसरी तार हमखास विसरली जाते. कन्व्हर्टर यूएसबी-टू-टीटीएल प्रकारचा हवा. जुन्या आरएस-२३२ पोर्टवर उणे व्होल्टेजही येतं, त्याला चिप थेट जोडू नका.

मग बॉड रेट, म्हणजे तारेवरून सेकंदाला किती बिट जातात तो वेग. यूबीआरआर० रजिस्टरमध्ये टाकायचा आकडा असा काढतात: क्लॉकला बॉड रेटच्या १६ पटीने भागायचं आणि त्यातून १ वजा करायचा. १६ मेगाहर्ट्झ क्लॉक आणि ९६०० बॉडला उत्तर १०३.१७ येतं, म्हणून १०३. खरा वेग ९६१५ पडतो. ०.१६ टक्क्यांचा हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. हेच गणित ११५२०० ला केलं तर ७.६८ येतं. ८ धरले तर वेग साडेतीन टक्क्यांनी चुकतो आणि अक्षरं बिघडायला लागतात. सुरुवात ९६०० नेच करावी.

यात क्लॉकचा आकडा खरा असावा लागतो. मी एकदा कोऱ्या चिपसाठी कोडमध्ये १६ मेगाहर्ट्झ लिहून मोकळा झालो. कारखान्यातून आलेली ही चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. स्क्रीनवर नुसता कचरा, आणि मी आपला तासभर तारा बदलतोय!

आता यूसीएसआर०बी मधला टीएक्सईएन० बिट १ करा, म्हणजे ट्रान्समीटर सुरू होतो. ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट ही मांडणी रीसेटनंतर आपोआपच असते.

पुढे दोन छोटी फंक्शनं लिहा. पहिलं एक बाइट पाठवतं: यूसीएसआर०ए मधला यूडीआरई० बिट १ होईपर्यंत, म्हणजे बफर रिकामा होईपर्यंत, व्हाइल लूपमध्ये थांबायचं, मग बाइट यूडीआर० या डेटा रजिस्टरमध्ये टाकायचा. दुसरं फंक्शन कॉन्स्ट कॅरचा पॉइंटर घेतं. पॉइंटर दाखवतोय तो बाइट शून्य नसेल तर पहिल्या फंक्शनकडे द्यायचा, पॉइंटर एकने पुढे सरकवायचा, शून्य आलं की परतायचं. सी भाषेत स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट असतो, म्हणून लांबी मोजायची गरज पडत नाही. मात्र अॅरे हाताने भरून शेवटचं शून्य विसरलात, तर पुढच्या मेमरीत जे काही पडलेलं असेल तेही बाहेर जाईल.

तारेवर काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. इंग्रजी मोठ्या लिपीतला ए म्हणजे ६५. तार रिकामी असताना १ वर असते. आधी स्टार्ट बिटचा ०, मग खालच्या टोकाकडून १,०,०,०,०,०,१,०, आणि शेवटी स्टॉप बिटचा १. एकूण १० बिट, म्हणजे ९६०० वर सुमारे १.०४ मिलिसेकंद. आता ‘मराठी’ हा शब्द पाठवा. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत म, र, काना, ठ आणि वेलांटी प्रत्येकी ३ बाइट घेतात, म्हणजे तीन अक्षरांच्या शब्दाचे १५ बाइट. फंक्शनमध्ये काही बदलावं लागत नाही, फक्त टर्मिनल (आलेली अक्षरं दाखवणारा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम) यूटीएफ-८ वर हवं.

आकडे मात्र तसेच पाठवू नयेत. २५ हा बाइट पाठवला तर टर्मिनलला तो कंट्रोल कॅरेक्टर वाटतो. एसएनप्रिंटएफ या सी फंक्शनने त्याची स्ट्रिंग करून घ्या. ओळ संपवताना कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही द्या, नाहीतर बऱ्याच टर्मिनलवर ओळी जिन्यासारख्या उतरत जातात. लांबलचक संदेश बरेच असतील तर ते प्रोगमेम हा शब्द लावून फ्लॅशमध्ये (प्रोग्राम राहतो त्या मेमरीत) ठेवा आणि तिथून वाचणारं वेगळं फंक्शन लिहा. साध्या स्ट्रिंगा रॅममध्ये जाऊन बसतात, आणि इथे रॅम आहे जेमतेम २ केबी.

संदेश पाठवून चिपला लगेच झोपवायचं असेल तर यूडीआरई० वर विसंबू नका. तो फक्त बफर रिकामा झाल्याचं सांगतो. शेवटचा बाइट तेव्हा अजून तारेवर जात असतो आणि क्लॉक थांबला की अर्धवट तुटतो. त्यासाठी टीएक्ससी० बिट १ होण्याची वाट बघा, तो बाइट पूर्ण बाहेर गेल्याचं सांगतो. प्रत्येक बाइट टाकण्याआधी तो पुसायचा असतो, आणि गंमत म्हणजे तो पुसला जातो त्यात १ लिहूनच.