‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढ्यावर ठराव संपवू नका

प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की कोकणातल्या ग्रामपंचायतीचा पहिला ठराव बहुधा एका ओळीचा असतो: ‘सदर प्रकल्पास ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याला आवक क्रमांक पडतो आणि कागद फाईलला लागतो. अधिकाऱ्याने उत्तर द्यावं असं त्या ओळीत काही नसतं. विरोधाची नुसती नोंद होते. हरकतीला मात्र उत्तर द्यावं लागतं, आणि ते दिलं नाही तर पुढे लवादात किंवा कोर्टात तेच बोट ठेवायची जागा होते. म्हणून विरोधाची हरकत कशी करायची ते इथे सांगतो.

आधी कायदा ओळखा

‘ग्रामसभा नाही म्हणाली की प्रकल्प रद्द’ असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात आणि उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं देतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तिथल्या बॉक्साइट खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि 12 ग्रामसभांनी नकार दिला, हे खरं. पण तो निकाल वनहक्क कायद्यावर उभा होता. पालघर-ठाण्याच्या अनुसूचित (आदिवासी) भागात पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथेही ग्रामसभेचं वजन वेगळं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक गावांना यातला एकही आधार थेट मिळत नाही. रायगडात पेण तालुक्यातल्या 22 गावांमध्ये सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) 21 सप्टेंबर 2008 रोजी खुद्द सरकारने मतदान घेतलं, आणि निकाल अधिकृतपणे जाहीरच केला नाही. नकाराधिकार आहे असं धरून चालू नका. मुदतीत, योग्य टेबलावर, उत्तर मागणारी हरकत हे तुमचं हत्यार.

टेबल कोणतं, ते हातातल्या सूचनेवरून ठरतं. जमीन 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली जात असेल तर कलम 11 च्या अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात. एमआयडीसीसाठी (औद्योगिक विकास महामंडळासाठी) जात असेल तर तो कायदा 1961 चा. कलम 32(2) ची नोटीस खातेदाराला येते आणि मुदत त्या नोटिशीतच लिहिलेली असते. इथे ‘साठ दिवस आहेत’ असं समजून बसलेल्यांची मुदत हातोहात निघून जाते. शिवाय ही हरकत खातेदाराने स्वतः द्यायची असते, ग्रामसभेचा ठराव त्याला नुसता जोडायचा. प्रादेशिक योजना किंवा विकास आराखडा असेल तर नगररचना कार्यालयाकडे जा. मुदत सूचनेच्या प्रसिद्धीपासून मोजतात, गावात कागद पोहोचल्यापासून नव्हे. पर्यावरण मंजुरी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी असते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येतंच.

सातबाऱ्याचं कामही याच वेळी उरकून घ्या. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते, आणि आपल्याकडे सामाईक उताऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. वारस नोंद नसेल तर हरकतदाराचं नाव उताऱ्यावर सापडत नाही आणि पहिलाच शेरा ‘हितसंबंध सिद्ध नाही’ असा येतो.

ग्रामसभा: ठराव टिकेल अशी घ्या

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. 620 मतदारांच्या गावात 93 माणसं लागतील, 1,400 च्या गावात 100 पुरतात. मोजायचे फक्त गावच्या मतदार यादीतले. इथेच कोकणात घोळ होतो. गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात सभा घेतली की देऊळ खच्चून भरतं, पण त्यातल्या कितीतरी चाकरमान्यांचं नाव मुंबई-ठाण्याच्या यादीत असतं. त्यांना बोलू द्या, पण त्यांची हजेरी वेगळ्या कागदावर घ्या. नाहीतर ‘सभेत बाहेरचे लोक होते’ एवढ्या एका तक्रारीवर अख्खा ठराव संशयात येतो. चाकरमानी खातेदार असेल तर त्याची हरकत स्वतंत्रपणे लिहून घ्यायची.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. विषयपत्रिका मात्र तीच ठेवा, नवीन विषय घुसवू नका.

सभेची सूचना निदान सात पूर्ण दिवस आधी लावा, दवंडी द्या, प्रत्येक वाडीच्या फलकावरच्या सूचनेचा तारखेसह फोटो ठेवा. विषय ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून कधीही घेऊ नका. कंपन्यांना दिलेले कितीतरी ना हरकत दाखले मासिक सभेत ऐनवेळी मंजूर झालेले असतात, आणि आपला ठरावही त्याच वाटेने गेला तर त्यांच्यावर बोट ठेवायला तोंड उरत नाही. म्हणून मागची दहा-बारा वर्षांची मासिक सभेची ठरावबही चाळा. जुना दाखला सापडलाच तर तो कशासाठी दिला होता, किती क्षेत्राला दिला होता, हे नव्या ठरावात स्पष्ट लिहा. लपवलेला दाखला सुनावणीत समोरून काढला जातो.

सरपंच सभा बोलवत नसतील तर पंचायत समिती किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी तशी मागणी करू शकतात, आणि तशी मागणी आली की सरपंचांना सभा घ्यावीच लागते. तेव्हा अर्ज तिकडे द्या.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यातच आहे. बरेच ठिकाणी ती कागदावर उरकतात. ती खरोखर घ्या. पाणी कुठल्या बावीवरून (विहिरीवरून), कुठल्या महिन्यापर्यंत, सुकी मासळी कुठे वाळत घालतात, किती जणींचं पोट त्यावर आहे, हा तपशील तिथेच मिळतो आणि तो ठरावाला जोडता येतो.

सह्यांच्या प्रत्येक पानावर वर विषय, तारीख आणि ‘पान 2 / 6’ असं लिहा. मतदार यादीतला अनुक्रमांक नावापुढे हवा. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या नंतर कशालाही जोडता येतात, हे समोरच्यालाही माहीत असतं.

ठरावात काय भरायचं

एका मुद्द्याला एक परिच्छेद: जागा, वस्तुस्थिती, पुरावा, अहवालात काय चुकलं, आणि मागणी. सड्यांच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांच्या, बाबतीत याची फार गरज पडते. महसुली नोंदीत कातळसडा ‘पड’ किंवा ‘पोटखराबा’ असतो, तोच शब्द प्रकल्प अहवालात ‘ओसाड जमीन’ होऊन येतो. पण पावसाचं पाणी त्या जांभ्यात मुरून खालच्या वाडीच्या झऱ्याला येतं, गुरं तिथे चरतात, आणि काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसूसह कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत.

‘आमचं पाणी जाईल’ असं लिहिण्याऐवजी झरा मोजा. साधन म्हणजे 15 लिटरची बादली आणि मोबाईलवरचं घड्याळ. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी उपसा सुरू व्हायच्या आधी, सगळी धार एका पन्हळीतून बादलीत घ्या. तीनदा मोजा आणि सरासरी काढा. बादली 40 सेकंदांत भरली तर दिवसाला 32,400 लिटर. माणशी 55 लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या टोकालाही तो झरा सुमारे 589 माणसांना पुरतो. बावीच्या पाण्याची खोली काठावरच्या एकाच खुणेपासून टेपने, दर पंधरा दिवसांनी. खूण बदलली की मागची सगळी मापं वाया.

मग ठराव असा होतो:

‘मौजे ___ येथील स. नं. ___ हिस्सा नं. ___ हा सडा प्रस्तावित क्षेत्रात पडीक म्हणून दर्शविला आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावर ___ वाडीतील ___ घरांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. दि. ___ मे रोजी मोजलेला प्रवाह दिवसाला 32,400 लिटर आहे (मोजणी तक्ता व छायाचित्रे सोबत). अहवालाच्या पान ___ वर या झऱ्याचा उल्लेख नाही. सबब, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून उन्हाळी मोजणी होऊन तिचा अहवाल ग्रामसभेसमोर येईपर्यंत या क्षेत्राबाबत निर्णय घेऊ नये, व वरील बाबींवर लेखी खुलासा मिळावा.’

बागायत, मासेमारी, आरोग्य, रस्ता यांचंही असंच. प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर आहे, डंपर जाणार त्या रस्त्याची रुंदी किती, शाळेचं फाटक रस्त्यापासून किती फुटांवर आहे, हे टेपने मोजून लिहा. ‘निसर्गसौंदर्य’ आणि ‘पिढ्यानपिढ्या’ हे शब्द भाषणात शोभतात, ठरावात नकोत.

किनाऱ्याच्या गावांनी सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) 1:4000 चा नकाशा मागवावा. होड्या लावायची जागा, मासळी वाळवायचे ओटे, जेटी, मच्छीमारांच्या सामाईक जागा त्यावर दाखवलेल्या असायला हव्यात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जिथे ओढतात ती पुळण नकाशावर नुसती रिकामी वाळू म्हणून दिसत असेल तर हरकत तिथूनच सुरू होते. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौ.कि.मी. 2,161 पेक्षा जास्त वस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र (भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा) 50 मीटर, नसेल तर 200 मीटर. 1,800 लोकवस्ती आणि 4 चौ.कि.मी. क्षेत्र म्हणजे घनता 450. अशा गावाला कोणी 50 मीटर दाखवले तर ही एक भागाकाराची ओळ पुरे.

कागद मागवताना

माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत ठेवायचा असतो. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. ‘प्रकल्प का आणला?’ असं विचारू नका, कागदाचं नाव घेऊन मागा: प्रस्ताव, स्थळपाहणी अहवाल, नकाशा, पत्रव्यवहाराची टिपणी. 30 दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये.

जनसुनावणी

2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश मिळालाच पाहिजे. हे 30 दिवस मोर्च्याच्या तयारीत घालवू नका, अहवाल वाचा. दोन ठिकाणी हमखास सापडतं. पहिलं, अभ्यासाचा हंगाम. मूळ मोजणी बहुधा एकाच हंगामाची, पावसाळा सोडून केलेली असते. मार्च ते मेमध्ये कोरडा दिसलेला व्हाळ (ओढा) जुलैत काय करतो, हे त्या अहवालाला ठाऊकच नसतं. दुसरं, 10 किलोमीटरच्या परिघातल्या गावांची यादी. तुमचं गाव, शेजारची खाडी, नळपाणी योजनेचा उद्भव त्यात आहे का बघा.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. गणपूर्ती लागत नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी ‘झाली’. म्हणून बहिष्काराचा हिशोब नीट करा. बहिष्कार टाकलात तर इतिवृत्तात तुमची एकही हरकत येत नाही, कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्यांची मात्र नावासकट येते. धक्काबुक्कीने सुनावणी उधळली तर आणखी वाईट. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येत नाही असा अहवाल गेला तर सुनावणीशिवायच पुढे जायची तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. संताप समजण्यासारखा असतो, पण ही वाट समोरच्याच्या सोयीची आहे.

मुद्दे वाटून घ्या. एकाने पाणी, एकीने मासळी, एकाने आंबा-काजू, एकाने रस्ता, प्रत्येकी तीन मिनिटं. बोलणाऱ्याने नाव, गाव, अहवालाचं पान सांगून सुरुवात करावी आणि शेवट प्रश्नाने करावा. तेच लेखी, दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का-सही-तारखेसह पोहोच घेऊन. लेखी हरकत सुनावणीच्या दिवसाआधीही मंडळाकडे देता येते.

भाषणं संपली की मंडप रिकामा होतो. नेमकी तीच वेळ थांबायची. आलेल्या मुद्द्यांचं टिपण त्याच दिवशी, तिथेच, मराठीत वाचून दाखवलं पाहिजे आणि मग अध्यक्षांची सही व्हायला हवी. चार-पाच जणांनी आपली यादी हातात धरून ऐकावं आणि सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे घालून घ्यावा. चित्रीकरण मंडळ करतं, तरी आपलंही सलग करा.

मंजुरी आली तर

कंपनीला मंजुरीची जाहिरात सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीकडेही येते आणि ती 30 दिवस फलकावर लावायची असते. ही प्रत कपाटात राहिली तर गावाचं नुकसान होतं, कारण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठापुढे अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) लेखी सांगून ठेवा की असा कागद आला की त्याच दिवशी आवक नोंदवून सरपंच आणि सगळ्या सदस्यांना कळवायचं. अपिलासाठी लागतात ती कागदपत्रं म्हणजे सूचनेचे फोटो, हजेरी, ठराव, मोजणी तक्ता, पोहोच आणि सुनावणीचं इतिवृत्त. यांची एक स्वतंत्र फाईल कार्यालयात आणि तिची एक झेरॉक्स गावातल्या कोणाच्या तरी घरी असू द्या. पंचवार्षिक निवडणुकीत सत्ता पालटली की कार्यालयातल्या फायली कधी कधी जागेवर राहत नाहीत.

अपील फसलं आणि काम सुरू झालंच, तरी मंजुरीपत्रातल्या अटी राहतात. त्यांच्या पूर्ततेचा अहवाल कंपनीने दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. त्या आठवड्यात तो मागवा आणि आपल्या बादलीच्या तक्त्याशी ताडून बघा.