कमी लोण्या-साखरेचा नूडल कुगेल

कुगेल म्हणजे नूडल्स, अंडी आणि दुधाचे पदार्थ एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेलं पुडिंग. मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या घरचा हा शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आणि सणासुदीचा पदार्थ. यिडिश भाषेत 'कुगेल' म्हणजे गोळा. सुरुवातीचे कुगेल पाव आणि पिठाचे असत आणि मांस-शेंगांच्या हंडीतच शिजत. नूडल्स नंतर आल्या. यिडिशमध्ये त्यांना 'लोक्शन' म्हणतात, म्हणून या पदार्थाचं पूर्ण नाव लोक्शन कुगेल. शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, चूल पेटवायची नाही, त्यामुळे आधी करून ठेवता येईल असं काहीतरी लागायचंच.

शनिवारची ही सुट्टी कोकणाला जुन्या ओळखीची आहे. तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पण कुगेल त्यांचा नव्हे. त्यांचा स्वयंपाक कोकणातला, नारळाचा.

गोड कुगेलची जी कृती अमेरिकेतल्या ज्यू घरांमध्ये रुळली आहे, तिच्यात लोणी, सावर क्रीम, क्रीम चीज आणि साखर सढळ हाताने पडते. वर पुन्हा कॉर्नफ्लेक्स आणि साखर. चवीला सुरेखच लागतो, पण रविवारी सहज करून खावा असा तो राहत नाही. मी पहिल्यांदा हलका करायला गेले तेव्हा सगळंच काढून टाकलं: लोणी शून्य, दही बिनसायीचं, अंड्यांचा फक्त पांढरा भाग. वडी कापताना सुरीखाली रबर असावं तशी दबत होती आणि तळाशी पाणी सुटलं होतं. कुगेलचा जीव त्यातल्या अंड्या-दुधाच्या मऊ लगद्यात असतो. त्याला अख्खं अंडं आणि थोडा स्निग्धपणा लागतोच. कात्री लावायची ती साखरेला आणि लोण्याला.

२२ सेंटीमीटरच्या चौकोनी बेकिंग डिशमध्ये नऊ वड्या होतील, त्यासाठी हे घ्या:

रुंद एग नूडल्स २०० ग्रॅम
दीड लिटर गायीच्या दुधाचं मऊ पनीर
अर्धा किलो दह्याचा चक्का
३ अंडी
१ वाटी दूध
साखर ५० ग्रॅम, म्हणजे सपाट ४ मोठे चमचे
२ सफरचंदं
मूठभर बेदाणे
दालचिनी पूड १ छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा
लोणी १ मोठा चमचा
वरून घालायला ओट्स आणि जाडसर कुटलेले अक्रोड, प्रत्येकी ३ मोठे चमचे

रुंद एग नूडल्स मिळाल्या नाहीत तर फेतुचिनी पास्ता बोटभर लांबीचे तुकडे करून घ्या. मसाल्याच्या पुडीबरोबर मिळणाऱ्या झटपट नूडल्स इथे नकोत, त्या भाजताना विरघळल्यासारख्या होतात. गव्हाच्या हव्या असतील तर निम्म्या गव्हाच्या, निम्म्या साध्या घ्या आणि वेगवेगळ्या उकडा, कारण गव्हाच्या शिजायला जास्त वेळ लागतो. सगळ्याच गव्हाच्या घेतल्या तर कुगेल कोरडा आणि जड होतो.

आदल्या रात्री दही फडक्यात बांधून टांगा. श्रीखंडासाठी करतो तेवढा घट्ट चक्का नको, तीन-चार तास पुरे. पनीरही तसंच: दूध लिंबाने फाडून वीस मिनिटं चाळणीत निथळू द्या, वजन ठेवून दाबू नका. मूळ कृतीत कॉटेज चीज असतं, ओलसर आणि सुट्या कणांचं. दाबलेलं पनीर तसं लागत नाही.

आता बेदाणे कोमट पाण्यात भिजत घाला. कोरडेच घातले तर ते मिश्रणातलं पाणी ओढून घेतात आणि वर राहिलेले करपून कडू होतात. एक सफरचंद किसून, मुठीत घट्ट पिळा. रस पिऊन टाका, कीसच घ्यायचा आहे. दुसऱ्याच्या पातळ फोडी करा.

नूडल्स मिठाच्या पाण्यात उकडा, पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवा. दाताखाली जरा कच्च्या लागल्या पाहिजेत, पुढे ओव्हनमध्ये त्या दूध पिणार आहेत. निथळून गरम असतानाच निम्मं लोणी चोळा म्हणजे चिकटणार नाहीत, आणि मग कोमट होऊ द्या. इथे घाई केलीत तर गरम नूडल्सवर पडलेलं अंडं लगेच गोठतं आणि कुगेलऐवजी भुर्जी होते.

निम्मं पनीर, चक्का, अंडी, दूध, साखर, मीठ, व्हॅनिला आणि दालचिनी मिक्सरमधून एकजीव करा. उरलेलं पनीर हाताने कुस्करून तसंच मिसळा, खाताना ते कण मध्येच लागतात ते छान वाटतं. नूडल्स, सफरचंदाचा कीस आणि निथळलेले बेदाणे घालून खालीवर करा. मिश्रण बऱ्यापैकी पातळ दिसेल. दिसू द्या.

ओव्हन १८० अंशांवर तापवून ठेवा. उरलेलं लोणी निम्मं डिशला चोळा, निम्मं ओट्स-अक्रोडांत मिसळा. नूडल्स डिशमध्ये ओतून बेदाणे आत ढकला, वर सफरचंदाच्या फोडी मांडा. वीस मिनिटं भाजल्यावर ओट्स-अक्रोड पसरा आणि पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. अक्रोड सुरुवातीपासून घातले तर करपतात. कडेने नूडल्सची टोकं तांबूस, खरपूस झाली आणि डिश हलकेच हलवल्यावर मधला भाग कोवळ्या खरवसासारखा थरथरला की झालं. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबू नका, बाहेर काढल्यावर वीस मिनिटांत तो आपोआप सेट होतो. त्याआधी कापलात तर वडी मोडेल.

एवढं करून किती वाचलं? याच मापाच्या नेहमीच्या कृतीत साधारण ७० ग्रॅम लोणी आणि १२० ग्रॅम साखर जाते. इथे १५ आणि ५०. म्हणजे लोण्यातून सुमारे ४०० आणि साखरेतून २८० कॅलरी कमी झाल्या, एका वडीमागे जवळपास ७५. सावर क्रीमच्या जागी आलेल्या चक्क्याचा फायदा वेगळा. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून मात्र हिशेब बदलत नाही, कॅलरी थोड्याफार फरकाने तेवढ्याच. गोडवा सफरचंद, बेदाणे आणि दालचिनीकडून काढायचा. तरीही हा मैद्याच्या नूडल्सचा गोड पदार्थ आहे. मधुमेह असेल तर अर्धी वडी, तीही जेवणात पोळी-भात कमी करून.

जेरुसलेममध्ये एक वेगळा कुगेल करतात, कॅरॅमल आणि भरपूर मिरीचा. त्यातली मिरी मी इथे आणते: पाव चमचा ताजी कुटलेली. साखर कमी असताना मिरीने चवीला उठाव येतो. एकदा करून बघाच.

ज्यू पाहुणे जेवायला यायचे असतील तर आधी विचारा. कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळणाऱ्या घरांत मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचं काही चालत नाही. त्या दिवशी दूध, पनीर, चक्का, लोणी सगळं वगळून चार अंडी, तीन मोठे चमचे तेल आणि तीन किसलेली सफरचंदं घ्या, यावेळी न पिळता. असा बिनदुधाचा कुगेलही अस्सलच मानतात. भांडी आणि सामानाबाबतही त्यांचे नियम असतात, तेही त्यांनाच विचारलेलं बरं.

उरलेल्या वड्या झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. मायक्रोवेव्हमध्ये त्या मऊ पडतात, त्यापेक्षा तव्यावर थेंबभर तूप सोडून मंद आचेवर ठेवा. खालची बाजू पुन्हा खरपूस होते.