रेपो दर उतरला की कोकणातल्या घराने काय तपासावं

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो रेपो दर. २०२५ मध्ये तिने तो ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. एकाच घरात त्याचे दोन परिणाम होतात. विरार-डोंबिवलीला घराचे हप्ते फेडणाऱ्या चाकरमान्याचं व्याज उतरतं आणि दापोली-गुहागरला ठेवींवर भागवणाऱ्या आईवडिलांचं उत्पन्नही उतरतं. म्हणून गणपतीला सगळे गावी जमले की मुलाचे कर्जाचे कागद आणि वडिलांच्या ठेवपावत्या एकत्रच काढाव्यात.

आधी कर्ज. मंजुरीपत्रात व्याजदर कशाला जोडलाय ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली बदलत्या दराची घरकर्जं बाह्य दराशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी त्यांचा दर नव्याने ठरतो. त्याआधीचं कर्ज ‘एमसीएलआर’वर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, असेल तर दर सहसा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलतो, तोवर हप्ता हलत नाही. अशा वेळी रेपोवर वळवण्याचा अर्ज द्या, शुल्क आधी विचारा. गृहवित्त कंपन्या, सहकारी बँका आणि पतसंस्था यांना हा नियम लागू नाही. तिथे लेखी अर्ज करूनच विचारायला हवं.

मग कर्जखात्याचा उतारा काढून उरलेले महिने मोजा. इथे बरेच जण फसतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी वाढला तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबली. कित्येकांची निवृत्तीच्या पुढे गेली. आता दर उतरताना ती मुदत परत आखडली का, हे स्वतः तपासावं लागतं.

२० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज घ्या. साडेनऊ टक्क्यांना हप्ता सुमारे १८,६४० रुपये, साडेआठला १७,३५५. हप्ता कमी करून घेतला तर पूर्ण मुदतीत तीन लाखांच्या आसपास वाचतात. जुनाच हप्ता चालू ठेवला तर कर्ज २४० ऐवजी साधारण २०२ महिन्यांत फिटतं आणि सातेक लाख वाचतात. पगार पुरत असेल तर हप्ता कमी करू नये, हे आम्ही ठामपणे सांगू.

सोनेतारण आणि दुचाकीचं कर्ज बहुधा ठरावीक दराचं असतं. रेपोने त्यात फरक पडत नाही. सोनेतारण नव्याने करताना मात्र चालू दर विचारा. बागायतदाराच्या किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर सरकार ठरवतं: सात टक्के, वेळेत फेडलं तर चार. तिथे रेपोपेक्षा आंब्याचे पैसे हातात आल्यावर तारीख न चुकवणं महत्त्वाचं.

आता ठेवी. चालू ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. नुकसान होतं आपोआप नूतनीकरणात: ७.२५ टक्क्यांची दहा लाखांची पावती गुपचूप ६.२५ वर गेली की वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये कमी. पावतीवरची मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याआधी बँकेत जाऊन सूचना बदला. साठी उलटलेली असेल तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी बघा: कमाल ३० लाख, दर तिमाहीला व्याज, आणि पैसे भरल्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम. उरलेली रक्कम एकाच पावतीत न ठेवता एक ते पाच वर्षांच्या पाच पावत्यांत वाटा. दरवर्षी एक सुटते, मोडल्याचा दंड बसत नाही.

दर घसरले की काही जण जादा टक्क्यासाठी पतसंस्थेकडे वळतात. बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. औषधपाण्याचे पैसे तिथे ठेवू नयेत.

रोखे (सरकारला किंवा कंपनीला ठरावीक व्याजाने पैसे दिल्याचे कागद) किंवा रोख्यांचे फंड आधीपासून बाळगणाऱ्याला मात्र दर उतरताना फायदा होतो, कारण जुन्या जास्त व्याजाच्या रोख्याची किंमत चढते. कपात झाल्यावर घाईने शिरणाऱ्याला तो चढ मिळत नाही.

शेवटी दोन्ही आकडे शेजारी मांडा. वरच्या उदाहरणात मुलाचा हप्ता १,२८५ ने कमी होऊ शकतो आणि आईवडिलांचे ८३३ जातात. त्यांचं घर त्या व्याजावरच चालत असेल तर मुदत आखडण्याचा हट्ट सोडून हप्ता कमी करून घ्यावा आणि ८३३ रुपये दरमहा आईच्या खात्यावर जातील अशी बँकेत कायमची सूचना द्यावी.